फोडून, वाळवून, दाराशी

शनिवार असूनही तळ्याकाठच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. ताउनोला ते रस्त्याच्या वळणावरूनच दिसलं आणि त्यानं गाडी सावकाश केली.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या बायकोनं, माइरेनं, विचारलं.

"सौना पेटलेली नाही."

"तीनच तर वाजलेत. पेटवतील."

"आमच्याकडे शनिवारी बाराला पेटते. आजोबा वारले त्या शनिवारीसुद्धा पेटली होती."

स्वीडनहून रात्रभर बोट आणि मग सकाळपासून गाडी. अंग आंबून गेलं होतं आणि सबंध वाटेत त्यानं एकच गोष्ट मनात घोळवली होती, ती सौनात अंग शेकणारी गरम वाफ. सोमवारी गावात जाऊन वाराला घराण्याचं घर, शेत आणि जंगल वडिलांकडून त्याच्या नावावर व्हायचं होतं. पण ते सोमवारचं. शनिवारी सौना.

अंगणात उतरल्यावर एकेक दिसायला लागलं. होडी अजून पाण्यातच होती, दोराला हिसके देत. एव्हाना ती पालथी करून काठावर यायला हवी होती. खिडक्यांची हिवाळ्यात लावायची आतली तावदानं कोठाराच्या भिंतीला टेकवून तशीच उभी होती, वर पोतं टाकलेलं. दर वर्षी सप्टेंबर सरायच्या आत ती बसत, फटींत कापूस भरून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या जात. आणि जळणाचं खोपट सताड उघडं होतं. आतली मागची भिंत ताउनोनं जन्मात पहिल्यांदा ऑक्टोबर महिन्यात पाहिली. या दिवसांत ती कधी दिसतच नसे, छतापर्यंत बर्च लाकडाच्या फोडलेल्या फाळी रचलेल्या असत.

तावेत्ती पायऱ्यांवर बसला होता. वसंतात झटका आल्यापासून त्याचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असे, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"बाबा, हे काय?"

"बहिणीला विचार. पंधरा दिवस झाले, एक काडी आत आणली नाही तिनं."

"आजारी आहे का?"

"आजारी! घोड्यासारखी धडधाकट आहे. गोठ्यात गाणी म्हणते. तुझी आई जुन्या कुंपणाचे वासे जाळून कॉफी करते आहे." तावेत्ती थुंकला. "तू आलास ते बरं झालं. या घराला पुरुषमाणूस लागतो."

माइरे मागं उभी राहून रिकाम्या खोपटाकडे बघत होती. तिला का कुणास ठाऊक, हसू येत होतं.

*

साइमीला गाडीचा आवाज आला होता, पण तिनं कास सोडली नाही. ताउनो दारात येऊन उभा राहिला, तेव्हाही तिची पाठच होती त्याच्याकडे.

"आलास? बोट फार हलली का?"

"साइमी, सौना का नाही पेटवली?"

"लाकूड नाही."

"जंगलाच्या कडेला तीन रांगा दिसल्या मला, येताना."

"दिसल्या ना? म्हणजे डोळे शाबूत आहेत."

"हे काय चाललंय तुझं?"

"दूध काढतेय."

"तेच म्हणतोय मी. गाईंचं सगळं नीट करतेस, आणि म्हातारे आईबाप तिकडे—"

"गाईंनी माझ्याविरुद्ध कुठं कागद केलाय?" साइमी उठली, बादली बाजूला ठेवली आणि प्रथमच त्याच्याकडे वळली. एकोणचाळीस वर्षांची, खांद्यांनी भावाहून रुंद. "त्यांचा काय दोष?"

ताउनोला काय ते कळलं. त्यानं नजर चुकवली. "तुला तो कागद कुणी दाखवला?"

"दाखवला नाही. वाचायला लावला."

ते तसंच घडलं होतं. वकिलाचं टपाल आलं त्या गुरुवारी ती दोन खेपा लाकूड खोपटात आणून टाकून कॉफी प्यायला आत आली होती. आजारानंतर तावेत्तीला अक्षरं हलताना दिसत, म्हणून त्यानं पाकीट तिच्यापुढं सरकवलं. "वाच. टंकलेखनात चूक असली तर सांग." तिनं उभ्यानंच वाचलं. वाराला घर, शेत आणि जंगल मुलगा ताउनो याला. आईवडिलांना मरेपर्यंत पुढची खोली, रोज दोन लिटर दूध, बटाटे, आणि सरपण: फोडून, वाळवून, दाराशी आणून. मुलगी साइमी हिला, आत्या सेल्मा हिच्या पश्चात, मागची खोली. लग्न होईपर्यंत. सरपण वरीलप्रमाणे.

आवाज कुठंही अडला नाही तिचा. बाप म्हणाला, "आहे का चूक?"

"एक आहे."

"कुठली?"

"नंतर सांगते," म्हणून ती बाहेर गेली. त्या सकाळी आणलेल्या दोन्ही खेपा तिनं परत ट्रॅक्टरच्या गाड्यात भरल्या, जंगलाच्या कडेला नेल्या आणि एकेक फाळ होती तिथं रचून ठेवली. कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकली. थोरला भाऊ एवेर्ती युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात आघाडीवर मारला गेला, तेव्हा ती पंधराची होती आणि ताउनो अकराचा. तेव्हापासून चोवीस शरद ऋतू त्या कुऱ्हाडीला तिच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

"ती वकिलाची जुनी पद्धत आहे लिहायची," ताउनो म्हणाला. "सगळ्या घरांच्या कागदात तसंच असतं. तुला कोण खोलीत डांबणार आहे? तू राहशील तशीच, करशील तसंच."

"हो ना. तीच तर मेख आहे. करीन तसंच." साइमीनं बादली उचलली. "लाकूड मालकानं द्यायचं, असं लिहिलंय. फोडून ठेवलेलं आहे, वाळून ठेवलेलं आहे, तेवढं तुला माफ. आता दाराशी आण."

"आणतो! त्यात काय मोठंसं? लाकूडच ना?"

"लाकूडच."

त्यानं ट्रॅक्टरची किल्ली मागितली नाही. तिनं दिली नाही.

*

माइरे दर्याकाठच्या शहरात वाढलेली, जळणाशी तिचा संबंध आगपेटीपुरता. पण नवरा तणतणत हातगाडी काढायला गेला, तेव्हा ती मुकाट्यानं सासूचे बूट घालून त्याच्या मागं गेली. वाटेत पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं. हातगाडीचं चाक चिखलात रुतत होतं. ताउनो पुढून ओढत होता, ती मागून ढकलत होती.

"तू तिच्याशी जरा गोड बोलला असतास तर?"

"गोड! तिचं डोकं फिरलंय. सोमवारी सही झाली की येईल ताळ्यावर."

"आणि नाही आली तर? इथली बारा गुरं कोण बघेल? मी?"

ताउनोनं दांडी आणखी जोरानं ओढली.

त्यांनी पुढच्या रांगेतलं लाकूड भरलं. पांढरं, स्वच्छ, सारख्या मापाचं. तीन खेपांत अंधारून आलं. पहिली खेप सौनाशी टाकली, बाकीच्या दोन स्वयंपाकघराच्या दाराशी. ताउनोच्या तळहातांना फोड आले होते, पण तो आत आला तो छाती पुढं काढून. चुलीत पाच फाळी घातल्या. सालीनं पेट घेतला, ती फुरफुरली, आणि मग लाकूड तोंडातून फेस काढायला लागलं. सूं सूं आवाज. दहा मिनिटांत स्वयंपाकघर धुरानं भरलं. तावेत्ती खोकत खोकत खिडकीशी गेला. ताउनोच्या आईनं, ईतानं, दार उघडलं, पिराक्क्यांचं, भात भरून भाजलेल्या करंज्यांचं, ताट उचलून ओसरीवर नेलं, आणि ती डोळ्यांना एप्रनचं टोक लावून उभी राहिली. सौनाचीही तीच गत. माइरे बघून आली. दगड नुसते कोमट, आणि आत उभं राहवेना.

दूध गाळून साइमी आत आली. तिनं चुलीजवळची एक फाळ उचलली, नाकाशी धरली आणि खाली ठेवली.

"ऑगस्टच्या वादळात पडलेले बर्च आहेत हे. पुढल्या हिवाळ्याचे. वाळलेलं मागच्या दोन रांगांत आहे."

"मग मघाशी बोलली का नाहीस?" ताउनो ओरडला.

"मालकाला ओलं-सुकं दाखवायला माणूस ठेवायचा, हे कागदात नव्हतं."

माइरेला हसू आवरलं नाही. धुरात खोकत, भिंतीला धरून ती हसत सुटली. ताउनोनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं भर चर्चमध्ये शीळ घातली होती.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"आत्ता? धुराच्या उलट्या बाजूची," माइरे म्हणाली आणि ईताच्या हातातलं ताट घ्यायला बाहेर गेली.

*

मागच्या खोलीचं दार वाजलं, तेव्हा सेल्मा शाल पांघरून विणत बसली होती. तिच्या छोट्या शेगडीत आज काहीच नव्हतं. दार वाजवून आत येण्याची तावेत्तीची रीत नव्हती. आज त्यानं वाजवलं, म्हणजे त्याला काहीतरी हवं होतं.

"तू बोल तिच्याशी," तो पलंगाच्या कडेवर बसत म्हणाला. "तुझं ऐकेल."

"बोलले होते पहिल्या आठवड्यात. कृतघ्न म्हणाले तिला."

"मग?"

"मग काय. 'हो आत्या,' म्हणाली, आणि माझ्या पायाशी तिची स्वतःची गोधडी टाकून गेली."

तावेत्तीनं चांगल्या हातानं गुडघा चोळला. "तिला सांग, की यात वाईट काही नाही. तू नाही का राहिलीस? छत्तीस वर्षं झाली बाबांनी मला घर दिल्याला. तुझ्यासाठी हेच कलम होतं, अक्षर न् अक्षर. तुला काही कमी पडलं का कधी? सांग की."

सेल्मानं सुया खाली ठेवल्या. हा प्रश्न तिला छत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि आज विचारला तोही साक्ष काढण्यासाठी.

"पहिला हिवाळा आठवतो तुला?" ती म्हणाली.

"कसला पहिला हिवाळा?"

"बाबांनी कागद केला त्याच्या पुढचा. तुझं लग्न होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. तोवर मी या घरात कुठलंही दार उघडून कुठलंही लाकूड चुलीत घालत होते. मीच फोडायचे की. त्या जानेवारीत माझी शेगडी विझली. मी पुढच्या खोलीशी आले आणि म्हणाले, तावेत्ती, माझ्याकडचं सरपण संपलंय. तू जेवत होतास. तू म्हणालास, 'उद्या बघतो. आधी दार लाव, थंडी आत येते.'"

"मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"मला आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल? तू आतल्या बाजूला होतास."

तावेत्तीनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर बर्फाचं पाणी पत्र्यावर तडतडत होतं.

"दिलं की मी तुला लाकूड," तो शेवटी म्हणाला. "रोज दिलं."

"दिलंस. नाही कुठं म्हणते? लहान फाळी, शेवटी उरलेल्या, पण दिल्यास." सेल्मा उठली. गुडघे कुरकुरले. "पण मी जन्मले त्या घरात लाकूड मागायला लागले, त्या दिवसापासून मी पाहुणी झाले, तावेत्ती. छत्तीस वर्षं पाहुणचार झोडतेय. त्या पोरीला मी सांगू, की ये, माझी जागा ऊबदार करून ठेवलीय? माझी जीभ झडेल."

"म्हणजे तूही?"

"मीही," सेल्मा म्हणाली. तिनं शाल घट्ट केली आणि भावाच्या आधी खोलीतून बाहेर पडली. रात्रीचं जेवण ती गेली कित्येक वर्षं आपल्या खोलीत घेत असे. आज ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि साइमीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

*

सगळे अंगावर कोट घालून जेवले. खारवलेला मासा, बटाटे, काळा आंबट पाव. धूर निघून जावा म्हणून खिडकी किलकिली ठेवली होती आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती.

"एकदाचं बोलून टाकू," ताउनो म्हणाला. "तुला हवंय काय, साइमी?"

"घर. शेत. जंगल. माझ्या नावावर."

तावेत्तीचा काटा ताटलीवर आपटला. "बाईच्या नावावर? वाराला नाव पाच पिढ्या बापाकडून मुलाकडे आलंय!"

"नाव माझंही तेच आहे, बाबा. लग्न केलं असतं तर बदललं असतं. पण तीन माणसं विचारायला आली, तेव्हा तिन्ही वेळा गवत कापायचं राहिलं होतं, नाहीतर कुणीतरी आजारी होतं, नाहीतर गाय व्यायची होती. तुम्हीच राखलंत माझं नाव. आता तेच कागदावर घाला."

"एवेर्ती असता तर ही वेळ आली नसती."

"एवेर्ती नाही!" साइमीचा आवाज पहिल्यांदा चढला. "चोवीस वर्षं तुम्ही त्याची वाट बघताय आणि चोवीस वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर त्याचं काम करतेय. पंधराव्या वर्षी झाड पाडायला लागले मी. एकदा तरी म्हणालात का, की कोण आहे ते बघू या?"

मग ताउनो बोलला, बहिणीशी नव्हे, टेबलाशी बोलल्यासारखा.

"तुला वाटतं मी लुटायला आलोय. तिकडे कारखान्यात काय असतं माहीत आहे तुला? पट्ट्यावरून गाडीचं दार येतं. चार स्क्रू. पुढचं दार. चार स्क्रू. दिवसाला तीनशे दारं. मी डोळे मिटून हे अंगण बघतो. तळं, होडी, ते खोपट. माझं असं काहीतरी आहे म्हणून दिवस ढकलतो. ते माझं नसेल तर मी कोण? चार स्क्रू!"

साइमीनं पावाचा तुकडा मोडला. "यायला कोण अडवतंय तुला? ये की. दर उन्हाळ्यात ये, म्हातारपणी कायमचा ये. तळ्यात शिरलेल्या टोकाला पाइनच्या झाडांची ती जागा आहे ना, जिथून तू पोहायला उडी मारायचास, ती घे नावावर. घर बांध. पण मी ज्या मातीत उभी आहे ती माझ्या पायांखालून काढून तू तिकडे डोळे मिटून बसणार, हे मला चालायचं नाही."

"मी सांगू का एक?" माइरे म्हणाली. ताउनोनं मान हलवली, पण ती थांबली नाही. "आम्ही इथं राहायला येणार, असं यानं तुम्हाला कळवलंय. मला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर नाही असं आहे. मी गाईंना घाबरते आणि मला तिकडे माझं काम आवडतं. हे आज सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे पुढं माझ्या माथी नको."

"झालं?" तावेत्ती उभा राहिला. "तीन बायका मिळून घर चालवणार आता! ऐका सगळ्यांनी. सोमवारी सही होणार. मी ठरवलंय. थंडीनं मेलो तरी बेहत्तर."

"तुमची होईल," ईता म्हणाली.

ती चुलीकडे पाठ करून उभी होती. संध्याकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि सगळ्यांना सवय असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"तुमची सही होईल म्हणाले. माझी व्हायची नाही. शेवटच्या पानावर दोन रेघा आहेत. खालची माझी आहे. राहतं घर बायकोच्या सहीशिवाय देता येत नाही, असं वकिलानंच लिहिलंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं. तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत, मला दिसतात." ईतानं हात पुसले. ते तिनं एप्रनखाली घेतले. "मी या घरात सून म्हणून आले. सेल्मा मागच्या खोलीत गेली ती माझ्यासाठी जागा व्हावी म्हणून. तेव्हा मी गप्प बसले, कारण माझा फायदा होता. तीच खोली आता माझ्या मुलीला द्यायची, आणि त्यावर मी सही करायची? मला मारा, टाका, पण माझा हात त्या रेघेवर जाणार नाही."

तावेत्तीनं एकेकाकडे पाहिलं. बायको, बहीण, मुलगी, सून. सरतेशेवटी मुलाकडे. ताउनो तळहातावरचे फोड बघत होता.

"मग मीच आणतो लाकूड!" म्हातारा गरजला. टोपी ओढली, दार आपटलं आणि गेला.

ताउनो उठायला लागला. "पडतील ते. वाट निसरडी आहे."

"बस," साइमी म्हणाली. पण तीच खिडकीशी गेली. मागोमाग सगळे. अंगणातल्या दिव्यापलीकडे म्हातारा एका बाजूला कलत, पाय ओढत चालला होता. काळोखात शिरला. मग बराच वेळ काही दिसेना. साइमीचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती. एकदा तिनं दाराची कडी धरली, आणि सोडली.

तो परतला तेव्हा उजव्या काखेत चार फाळी होत्या. दारातून आत आला, त्या चुलीशी टाकल्या आणि बाकावर कोसळल्यासारखा बसला. टोपीवरून पाणी गळत होतं. फाळी मागच्या रांगेतल्या होत्या, खणखणीत वाळलेल्या.

"किती लांब आहे ते," तो धापा टाकत म्हणाला.

"साडेतीनशे पावलं," साइमी म्हणाली.

"जाताना ओंडक्यातली कुऱ्हाड उचलून बघितली. दांडा आखूड आहे."

"माझ्या हाताच्या मापाचा आहे. तिसरा आहे हा. दोन झिजले."

तावेत्तीनं मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळेना. ईतानं चार फाळी चुलीत घातल्या. त्या पेटल्या, तसा तो तिकडे हात पसरून बसला. फक्त उजवा. सेल्मानं पुढं होऊन त्याचा डावा हात उचलला आणि तोही विस्तवाकडे धरून ठेवला.

*

रात्रीतून आभाळ खाली उतरलं. रेडिओनं सोमवारी जोराचा बर्फ सांगितला.

रविवारी सकाळी कॉफी पिता पिता ताउनोनं जाहीर केलं, की टोकाची जागा त्याला पुरेशी आहे. सरळ कुणाकडे न बघता त्यानं ते सांगितलं आणि साखर ढवळत राहिला. सोमवारी गावात जायचं, पण सहीला नव्हे, कागद नव्यानं टाइप करून घ्यायला. तावेत्तीनं होही म्हटलं नाही आणि नाहीही. "कॉफी पातळ झालीय," एवढंच म्हणाला. वाराला घरात याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

साइमीनं खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"उद्या जंगलाकडची वाट बुजेल. आजच्या आज मागच्या दोन्ही रांगा आत यायला हव्यात. सगळ्यांनी यायचं. जो येणार नाही, तो ऊबेला बसणार नाही."

"आज रविवार आहे," सेल्मा दचकून म्हणाली. या घरात रविवारी सुईत दोरासुद्धा ओवला जात नसे.

"देवाला पटत नसेल तर त्यानं बर्फ मंगळवारवर ढकलावा," ईता म्हणाली आणि बूट घालायला लागली.

साइमी ट्रॅक्टरवर, ताउनो हाताला फडकी बांधून गाड्यात. माइरे आणि ईता रांगेवरून फाळी खाली देत होत्या. सेल्मा खोपटात रचत होती, आणि तिचं रचणं बघून माइरे चकित झाली. छत्तीस वर्षांनीही प्रत्येक फाळ साल वर करून, कोपऱ्याला आडव्या-उभ्या, भिंत बांधावी तशी. "हे माझंच काम होतं," सेल्मा म्हणाली. तावेत्ती दोन वेळा खोपटाच्या दारापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्या वेळी आत आला आणि एका हातानं बहिणीला फाळी द्यायला लागला.

अकराच्या सुमारास चर्चला जाणाऱ्यांच्या गाड्या जायला लागल्या. एकेक गाडी वळणावर सावकाश होई, काचेआडून तोंडं वळत. ईता प्रत्येक गाडीला हात करत होती. शेजारच्या शेतावरचा यालमारी तर थांबलाच. काळा कोट, काळी टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, अशा थाटात कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"काय हे, तावेत्ती? रविवारी? प्रार्थनेच्या वेळी? पाद्री काय म्हणेल?"

तावेत्तीनं काखेतली फाळ सेल्माच्या हातात दिली. कुंपणाकडे वळला. ट्रॅक्टर बाकीच्यांना घेऊन अंगणात येऊन नुकता बंद झाला होता, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मला काय विचारतोस? मालकिणीला विचार."

यालमारीनं ईताकडे पाहिलं. ईतानं हनुवटीनं ट्रॅक्टरकडे खूण केली.

साइमी खाली उतरली. बापाकडे तिनं पाहिलं नाही. तोही पाठ करून पुढची फाळ उचलायला लागला होता. तिनं गाड्याची फळी पाडली, हातमोजे वर ओढले आणि कुंपणापलीकडे म्हणाली,

"पाद्रीला म्हणावं, येताना जाड हातमोजे घालून ये. अजून दीड रांग बाकी आहे."